सामाईक रणभूमीवरील कथा आणि त्यांचें परीक्षण

वाड्यांत सामाईक विहीर असली म्हणजे पाणी भरावयास सारीं बिऱ्हाडें येतात. गाळ उपसण्याची वेळ आली म्हणजे मात्र ज्याला त्याला आपापलें काम आठवतें. इंग्रजी विज्ञानकथा व अद्भुतकथा यांच्या प्रांतांत गेल्या पन्नासएक वर्षांत जो एक प्रकार विशेष फोफावला, त्याची स्थिति पुष्कळशी या विहिरीसारखी आहे. या प्रकारांत एकच कल्पित विश्व अनेक लेखक मिळून वापरतात. नकाशा एक, इतिहास एक, राजे, देव, शत्रु आणि शस्त्रास्त्रें हींहि तींच. कथा तेवढी प्रत्येकाची निराळी. अशा विश्वांपैकीं पुष्कळांत एखादें मोठें युद्ध चालू असतें, किंवा नुकतेंच होऊन गेलेलें असतें. याचें कारण उघड आहे. युद्धांत सम्राटापासून मुदपाकखान्यांतील पोऱ्यापर्यंत सर्वांस ओढतां येतें, आणि कितीहि लेखक आले तरी प्रत्येकाच्या वांट्यास एखादी आघाडी, एखादें वेढलेलें गांव, एखादी भटकणारी पलटण सहज काढून देतां येते.

अशा कथांचें परीक्षण करणारा मात्र पेंचांत सांपडतो. एका लेखकाची कादंबरी हातीं आली म्हणजे तिचे गुणदोष कोणाच्या पदरीं घालावयाचे याविषयीं संशय नसतो. येथें विश्व एकानें रचलेलें, नियम दुसऱ्यानें ठरविलेले, नायक तिसऱ्यानें जन्मास घातलेला, आणि प्रस्तुत कथा चौथ्याची. स्तुति कोणाची करावी आणि दोष कोणास द्यावा ? मग परीक्षक सोपी वाट धरतो. तो त्या विश्वाचा सारा इतिहास सांगून पानें भरतो, संग्रहांतील प्रत्येक कथेला एकेक वाक्य वांटून देतो, आणि शेवटीं 'कांहीं कथा चांगल्या, कांहीं सामान्य' असा निकाल देऊन मोकळा होतो. हा निकाल जगांतील कोणत्याहि कथासंग्रहाला लागूं पडतो. म्हणूनच त्याचा उपयोग कोणालाहि होत नाहीं.

वस्तुतः भारतीय वाचकाला हा प्रकार वाटतो तितका परका नाहीं. कुरुक्षेत्रावरील युद्ध ही शतकानुशतकें अनेक कवींची सामाईक भूमि होती. भट्टनारायणानें 'वेणीसंहार' नाटकांत तें युद्ध द्रौपदीच्या मोकळ्या केसांभोंवतीं फिरविलें. मराठींत मुक्तेश्वर आणि मोरोपंत यांनीं तीच कथा आपापल्या वृत्तांत पुन्हां सांगितली. भासाच्या नांवावर असलेलें 'ऊरुभंग' हें एकांकी नाटक या दृष्टीनें फार बोलकें आहे. गदायुद्धांत मांड्या मोडून दुर्योधन पडलेला आहे. त्याचा लहानगा मुलगा दुर्जय त्याला शोधीत रणांगणावर येतो आणि नित्याच्या संवयीनें बापाच्या मांडीवर बसूं पाहतो. बापाला त्याला दूर सारावें लागतें. येथें भीमाची गदा भासाची नव्हे. ती त्याला वारशानें मिळालेली. त्या गदेचा घाव एका पोराच्या बसण्याच्या जागेपर्यंत नेऊन पोंचविला, ही भासानें घातलेली भर. सामाईक रणभूमीवरील कथेची मुख्य कसोटी येथेंच सांपडते. एका लेखकानें केलेली जखम दुसऱ्याच्या कथेंत दुखते काय ? दुखत असेल तर तें विश्व खरोखर सामाईक. न दुखेल तर सामाईक तें फक्त पुस्तकाचें वेष्टन.

ही कसोटी हातीं धरून आधुनिक काळांतील कांहीं प्रसिद्ध उदाहरणें पाहण्यासारखीं आहेत. त्यांत पहिला मान 'थीव्ह्ज वर्ल्ड' या मालिकेला द्यावा लागेल. रॉबर्ट ॲस्प्रिन या अमेरिकन लेखकाला ही कल्पना १९७८ सालीं लेखकमित्रांसह जेवतांना सुचली. अद्भुतकथा लिहावयाची म्हणजे प्रत्येकानें दरवेळीं नवें जग, नवा इतिहास आणि नवे देव रचीत बसावयाचें. शिवाय एकाच्या नायकाची दुसऱ्याच्या नायकाशीं कधीं गांठ पडावयाची नाहीं. यावर तोड म्हणून त्यांनीं सँक्च्युअरी नांवाचें एकच शहर सर्वांना नेमून दिलें. पहिला संग्रह १९७९ सालीं निघाला. त्यांत पोल अँडरसन, जॉन ब्रनर, जो हॉल्डमन, मॅरियन झिमर ब्रॅडली, अँड्र्यू ऑफट, लिन ॲबी अशा लेखकांच्या कथा होत्या. यांपैकीं हॉल्डमन हे व्हिएतनामच्या युद्धांत स्वतः जखमी झालेले. त्यांची 'द फॉरएव्हर वॉर' ही कादंबरी १९७४ सालीं आधींच प्रसिद्ध झालेली होती.

सँक्च्युअरी या शब्दाचा अर्थ आश्रयस्थान. प्रत्यक्षांत तें शहर चोर, ठक, भाडोत्री शिपाई आणि मांत्रिक यांचा अड्डा आहे. मूळची प्रजा इल्सिगी, आणि तिच्यावर राज्य रँकन साम्राज्याचें. सम्राटानें आपल्या सावत्र भावाला, कडाकिथिस याला, येथें सुभेदार म्हणून पाठविलें आहे. म्हणजे जित आणि जेते एकाच बाजारांत भाजी घेतात, आणि देवांचींहि दोन घराणीं एकमेकांकडे डोळे वटारून पाहतात. लेखकांसाठीं संपादकाचा मुख्य नियम असा होता कीं, एकमेकांचीं पात्रें खुशाल वापरावीं. मात्र दुसऱ्याचें पात्र त्याच्या संमतीवांचून मारूं नये, आणि सुधारूंहि नये. मारण्याची बंदी सहज समजते. सुधारण्याचीहि बंदी घातली, यांत संपादकाचें लेखकांच्या स्वभावाविषयींचें ज्ञान दिसून येतें. परक्याच्या चोराला साधु करून टाकण्याचा मोह फार थोड्यांना आवरतो.

या नियमानें मालिका उभी राहिली, तसेंच तिचें दुखणेंहि याच नियमांतून निघालें. पात्र मरावयाचें नाहीं असें ठरलें म्हणजे लढाईचा धाक ओसरतो. शिवाय प्रत्येक लेखकाला आपलें पात्र गर्दींत उठून दिसावें असें वाटतें. मालिका १९८९ पर्यंत बारा संग्रहांची झाली, आणि तोंपर्यंत त्या गलिच्छ गल्ल्यांत अमर योद्धे, मृतांना उठविणाऱ्या चेटकिणी आणि प्रत्यक्ष देव यांची दाटी झाली. ज्या शहरांत आरंभीं एक पाकीटमार आणि एक कलालखाना कथेला पुरत असे, तेथें पुढें विजा पडल्यावांचून पान उलटेनासें झालें. हा दोष कोणा एका कथेचा नाहीं. म्हणून कथा सुटी सुटी वाचणाऱ्या परीक्षकाला तो दिसत नाहीं. तो दिसण्यासाठीं संग्रह क्रमानें वाचावे लागतात.

याच मालिकेंत कसोटीला उतरणाऱ्या गोष्टीहि आहेत. पुढील संग्रहांत समुद्रावरून बेसिब नांवाचे लोक ताफा घेऊन येतात. ते आपल्या देशांतून हांकलले गेलेले आहेत. परंतु सँक्च्युअरींत येतांच शहरावर त्यांचाच अंमल बसतो. कालचे जेते आज जित होतात, आणि मूळच्या इल्सिगींना आणखी एका धन्याची भर पडते. ही घडामोड एका लेखकाच्या मालकीची राहिली नाहीं. पुढच्या सर्वांनाच ती आपल्या कथेंत वागवावी लागली. लिन ॲबी यांनीं या शहराच्या बाजाराला एक साधें जोडपें दिलें : भविष्य सांगणारी इलिरा आणि तिचा लोहार नवरा डुब्रो. परीक्षकानें देवांच्या भांडणापेक्षां अशा बिऱ्हाडाकडे अधिक लक्ष ठेवावें. राज्य बदललें कीं नाहीं, हें राजवाड्यापेक्षां लोहाराच्या भट्टीवर आधीं कळतें.

दुसरें उदाहरण निराळ्या जातीचें आहे. लॅरी निव्हेन यांनीं १९६६ सालीं 'द वॉरियर्स' ही लघुकथा लिहिली. तींत मनुष्य आणि क्झिन यांची पहिली भेट होते. क्झिन हे वाघासारखे दिसणारे, माणसाहून कितीतरी थोराड आणि युद्ध हाच कुलधर्म मानणारे. उलट मनुष्यजात दीर्घ काळ शांततेंत राहून शस्त्र विसरलेली. मनुष्यांच्या यानावर एकहि तोफ नाहीं, हें पाहून क्झिन निर्धास्त होतात. परंतु तें यान ज्या प्रखर प्रकाशझोताच्या रेट्यानें पुढें जातें, तोच झोत खलाशी शत्रूकडे वळवितात आणि शत्रूचें यान चिरलें जातें. यांतील विज्ञान विचार करण्याजोगें आहे : ज्या यंत्रांत एवढें मोठें यान ताऱ्यांपर्यंत ढकलण्याचें सामर्थ्य, त्यांत तितकेंच संहाराचेंहि सामर्थ्य असणार. ज्याला या विश्वाची कांहींच माहिती नाहीं अशा वाचकालाहि ही कथा पुरती समजते, हा तिचा आणखी एक गुण.

निव्हेन यांच्या इतर लेखनांत पुढील मानव-क्झिन युद्धांचे उल्लेख वारंवार येतात. तीं युद्धें मात्र त्यांनीं सविस्तर लिहिलीं नाहींत. ती मोकळी जागा १९८८ पासून 'मॅन-क्झिन वॉर्स' या संग्रहांतून इतर लेखकांना खुली झाली. पहिल्या संग्रहांत निव्हेन यांची जुनी कथा आणि तिच्या जोडीला पोल अँडरसन व डीन इंग यांच्या दीर्घकथा आहेत. यांतील इंग यांची 'कॅटहाऊस' ही कथा परीक्षकाच्या अभ्यासाला फार सोयीची आहे. निव्हेन यांनीं आधींच सांगून ठेवलें होतें कीं, क्झिनांच्या माद्या बुद्धिहीन असतात. त्यांना भाषा नाहीं, विचार नाहीं. सामाईक विश्वांत असें विधान म्हणजे कायदा. तें मोडतां येत नाहीं. इंग यांनीं तें मोडलें नाहीं. हें पूर्वींपासून असेंच होतें काय, एवढाच प्रश्न त्यांनीं विचारला.

त्यांच्या कथेंत लॉकलिअर नांवाच्या माणसाला क्झिन एका विचित्र कृत्रिम भूमीवर एकटा सोडून जातात. तेथें निरनिराळ्या ग्रहांवरील प्राणी हजारों वर्षांपासून गाढ झोंपेंत ठेवलेले आहेत. त्यांत क्झिनांच्या प्राचीन काळांतील माद्याहि आहेत. लॉकलिअर त्यांना जागें करतो, आणि त्या बोलूं लागतात, विचार करूं लागतात, त्याच्याशीं हुज्जतहि घालतात. म्हणजे आजच्या माद्यांचें मुकेपण निसर्गानें दिलेलें नव्हे. तें पिढ्यानुपिढ्यांच्या पैदाशींतून घडवून आणलेलें आहे. इतर जाती जिंकावयास निघण्यापूर्वीं या लोकांनीं आपल्याच घरांतील अर्धी जात जिंकून मुकी केली होती. ही गोष्ट कळल्यावर आधींच्या कथांतील क्झिन शूराकडे वाचक पूर्वींच्या दृष्टीनें पाहूं शकत नाहीं. मागें लिहिलेल्या कथांचाहि अर्थ नव्या कथेनें पालटावा, याहून मोठी भर सामाईक विश्वांत घालतां येत नाहीं.

येथें परीक्षकाचा दुसरा धडा मिळतो. वारसा आणि भर यांचा हिशेब वेगळा ठेवला पाहिजे. क्झिनांचें रूप, त्यांचा मान, त्यांचा क्रोध यांबद्दल इंग यांची पाठ थोपटणें चूक. तें श्रेय निव्हेन यांचें. माद्या बुद्धिहीन असण्याची मूळ कल्पना कोणाला खटकली तर तिचा दोषहि इंग यांच्या माथीं मारतां येत नाहीं. इंग यांची परीक्षा एवढ्यावरच व्हावी कीं, हातीं आलेल्या वस्तूचें त्यांनीं काय केलें. जुन्या नाटकमंडळ्यांत एकच भूमिका पाळीपाळीनें अनेक नट करीत. जाणता प्रेक्षक पदांची स्तुति कवीला देई आणि आलापांची नटाला. तोच विवेक येथें हवा.

निव्हेन यांनीं पराभवाची जखमहि वागविली आहे. त्यांचे क्झिन नेहमीं पुरी तयारी होण्यापूर्वींच झडप घालतात आणि हरतात. प्रत्येक युद्धांत सर्वांत उतावळे तेवढे मरतात, आणि मागें राहणाऱ्यांची प्रजा वाढत जाते. १९७० सालच्या 'रिंगवर्ल्ड' या कादंबरींतील क्झिन हा परक्या जातींशीं बोलणीं करण्याच्या कामावर नेमलेला अधिकारी आहे. त्याला राग येतो, परंतु तो थांबूं शकतो. अनेक हरलेल्या लढायांचा इतिहास त्या एका थांबण्यांत सांठविलेला आहे.

शत्रूला मन नसेल तर काय, हा प्रश्न तिसऱ्या उदाहरणांत उभा राहतो. फ्रेड सेबरहेगन यांनीं १९६३ पासून बर्सर्कर नांवाच्या यंत्रांच्या कथा लिहिल्या. फार प्राचीन काळीं दोन जातींचें युद्ध झालें. एकीनें दुसरीचा नाश करण्यासाठीं हीं यंत्रें बांधलीं. पुढें दोन्ही जाती नष्ट झाल्या; यंत्रें मात्र जीवमात्राचा संहार करण्याची आज्ञा घेऊन ताऱ्यांतून फिरत राहिलीं. १९८५ सालच्या 'बर्सर्कर बेस' या पुस्तकांत सेबरहेगन यांनीं पोल अँडरसन, एडवर्ड ब्रायंट, स्टीफन डोनाल्डसन, लॅरी निव्हेन, कॉनी विलिस आणि रॉजर झेलाझ्नी यांना हें विश्व वापरावयास दिलें, आणि त्यांच्या कथा स्वतःच्या दुव्यांनीं जोडून घेतल्या.

अशा शत्रूचें घर नसतें, त्याला शोक नसतो, त्याच्याशीं तह होत नाहीं. त्यामुळें लेखकाचें काम सोपें होतें आणि परीक्षकाचें कठीण. यंत्रांना कितीहि तोडलें तरी वाचकाचें मन टोंचत नाहीं. लढाई निर्दोष खेळासारखी होऊं लागते. तेव्हां परीक्षकानें दृष्टि माणसांकडे वळवावी. सेबरहेगन यांच्या कथांत जीव वांचविण्यासाठीं किंवा भक्तीनें या यंत्रांची चाकरी पत्करणारे फितूर आहेत. माणूस संहाराच्या यंत्रापुढें गुडघे कां टेकतो, हा प्रश्न यंत्राच्या तोफांपेक्षां भयंकर आहे. जी कथा त्या प्रश्नाजवळ जाते ती या विश्वाची खरी वारसदार. जी केवळ नवी तोफ शोधून काढते ती पाहुणी.

चौथें उदाहरण सर्वांत विस्तीर्ण, आणि परीक्षकाला सर्वांत अधिक कोड्यांत टाकणारें. गेम्स वर्कशॉप या ब्रिटिश कंपनीनें १९८७ सालीं 'वॉरहॅमर ४०,०००' या खेळाचें पहिलें नियमपुस्तक काढलें. तें रिक प्रीस्टली यांनीं लिहिलें होतें. मेजावर रंगविलेले लहान लहान सैनिक मांडून आणि फांसे टाकून लढाई खेळावयाची, असा हा खेळ. त्यांतील काळ आजपासून सुमारें अडतीस हजार वर्षांपुढचा. मानवाचें साम्राज्य आकाशगंगाभर पसरलेलें, बाहेरून वेढलेलें आणि आंतून कुजलेलें आहे. १९९७ पासून या विश्वांतील कथाकादंबऱ्यांसाठीं ब्लॅक लायब्ररी ही कंपनीची स्वतंत्र प्रकाशनशाखा झाली, आणि तिच्यासाठीं अनेक लेखकांनीं मिळून शेंकडों पुस्तकें लिहिलीं.

येथें विहिरीचा मालक लेखक नाहीं; दुकान आहे. सैनिकांच्या बाहुल्या विकावयाच्या तर लढाई चालू राहिली पाहिजे. म्हणून या विश्वांत एखादा ग्रह जिंकतां येतो, एखादा सेनापति मरूं शकतो, परंतु तह होणें शक्य नाहीं. शांतता ही तेथें व्यापाराला परवडणारी वस्तु नव्हे. असें पुस्तक हातीं घेतांना परीक्षकानें ही गोष्ट प्रथम लक्षांत घ्यावी, आणि वाचकालाहि स्पष्ट सांगावी. तथापि तेवढ्यानें सारीं पुस्तकें टाकाऊ ठरवूं नयेत. कारण बांधलेल्या हातांनींहि कांहीं लेखकांनीं चांगलें काम केलें आहे.

डॅन ॲबनेट यांची 'फर्स्ट अँड ओन्ली' ही १९९९ सालची कादंबरी याची साक्ष देईल. टॅनिथ नांवाच्या अरण्यमय ग्रहावर साम्राज्यासाठीं पलटणी उभारल्या जातात, आणि त्याच दिवशीं शत्रु येऊन तो ग्रह नष्ट करतो. गॉन्ट हा अधिकारी लढून मरण्याऐवजीं जितके सैनिक वांचवितां येतील तितके घेऊन निघून जातो. म्हणून ती पलटण टॅनिथची 'पहिली आणि एकुलती एक'. तिला दुसरी पलटण होणें नाहीं; मेलेल्याच्या जागीं भरती करावयाला गांवच उरलें नाहीं. यापुढें त्या कथेंत एक सैनिक पडला म्हणजे शिरगणतींतून एका नामशेष देशाचा एक नागरिक कमी होतो. आपल्याला आपल्या भूमीसाठीं मरूं दिलें नाहीं, हा राग त्यांतील पुष्कळांच्या मनांत आपल्या सेनापतीविषयीं कायम राहतो. ज्या विश्वांत माणसें मुंग्यांसारखीं मरतात, तेथें ॲबनेट यांनीं एका पलटणीपुरता मृत्यूला पुन्हां हिशेब लावून दिला.

पुढें २००० सालच्या 'नेक्रोपोलिस' या कादंबरींत एका मोठ्या औद्योगिक शहराचा वेढा आहे. शहर वांचतें, पण राहण्याजोगें उरत नाहीं. तेथील कांहीं स्त्रीपुरुष या पलटणींत दाखल होतात. संख्या वाढते, आणि त्याबरोबर नवा सल येतो. जुन्यांना वाटतें, ही आमची जागा. नव्यांना वाटतें, आम्हींहि गांव गमावलेंच आहे. दोन निर्वासितांच्या रांगांत कोणाचें दुःख अधिक, यावरून जी धुसफूस चालते ती लेखकानें पुढील पुस्तकांतहि सोडली नाहीं. २०१० सालीं ॲबनेट यांनीं 'सॅबॅट वर्ल्ड्स' या संग्रहाचें संपादन केलें आणि आपल्या विश्वाचा हा कोपरा इतर लेखकांना उघडून दिला. अशा संग्रहाचें परीक्षण करतांना विचारावयाचा प्रश्न एकच : पाहुण्या लेखकांच्या हातीं त्या शिरगणतीचें भान टिकलें काय, कीं सैनिक पुन्हां मेजावरचीं बाहुलीं झाले ?

याच विश्वांत २००६ सालीं 'होरस रायझिंग' या ॲबनेट यांच्याच कादंबरीनें एक दीर्घ मालिका सुरू झाली. खेळांतील काळाच्या दहा हजार वर्षें आधीं, सम्राटाचा लाडका सेनापति होरस यानें केलेल्या बंडाची ही कथा. अनेक लेखकांनीं पन्नासांहून अधिक पुस्तकांत ती चालविली, आणि २०२४ सालीं ती शेवटास गेली. बंडाचा शेवट काय झाला हें खेळ खेळणाऱ्यांस आधींपासून ठाऊक होतें : होरस मरणार आणि सम्राट मृत्यूच्या दारांत अडकून पडणार. शेवट ठाऊक असलेली कथा रस टिकवील काय, अशी शंका कोणाला येईल. कुरुक्षेत्राचा शेवट ठाऊक असूनहि ज्यांच्या घरीं कथाकीर्तनाला माणसें जमत, त्यांना ती शंका येण्याचें कारण नाहीं. शेवट ठाऊक असला म्हणजे 'पुढें काय झालें' हा प्रश्न गळून पडतो आणि 'हें टाळतां आलें असतें काय' हा प्रश्न उरतो. त्या दुसऱ्या प्रश्नाला जें पुस्तक भिडतें तें मालिकेंत टिकेल. केवळ आणखी एका लढाईची बखर लिहिणारें पुस्तक जागा अडवील.

या चार उदाहरणांवरून परीक्षकाच्या कामाची रीत ठरवितां येते. प्रथम त्यानें त्या विश्वाचा कायदा थोडक्यांत सांगावा, इतिहास सांगत बसूं नये. पाहुण्याला उंबरठा दाखवावा, साऱ्या घराचा फेरफटका त्याच्या माथीं मारूं नये. नंतर लेखकाला काय आयतें मिळालें आणि त्यानें स्वतः काय घातलें, हें वेगळें करून दाखवावें. मग त्या कथेंतील युद्धाचा घाव कोठवर पोंचतो तें पाहावें. सेनापतीच्या छावणींतच तो थांबतो, कीं लोहाराच्या भट्टीपर्यंत, मुलाच्या बसण्याच्या जागेपर्यंत जातो ? संग्रह असेल तर कथांची सरासरी काढूं नये. एका कथेंत पडलेलें गांव दुसरींत उभें दिसत असेल, तर तो दोष कथालेखकाच्या आधीं संपादकाच्या पदरीं घालावा. आणि एकाची जखम दुसऱ्यानें इमानानें वागविली असेल, तर तो गुण दोघांच्या नांवें मांडावा.

ही काटेकोरी मनोरंजनासाठीं लिहिलेल्या पुस्तकांना कशाला, असें कोणी विचारील. उत्तर असें कीं, हीं पुस्तकें घरोघरच्या तरुण मुलांच्या हातीं जातात, आणि त्यांपैकीं बहुतेकांनीं युद्ध पाहिलेलें नसतें. युद्ध म्हणजे काय याची त्यांची कल्पना कांहीं अंशीं या पानांवरच तयार होते. एका पानावर ग्रहच्या ग्रह जाळून दुसऱ्या पानावर विनोद करणारी कथा त्यांना सफाईनें मोजमाप विसरावयास शिकविते. त्या मुलांच्या हातून पुस्तक काढून घेणें हा उपाय नव्हे. तें घेतलें जाणारहि नाहीं. त्याच मालिकेंतील कोणतें पुस्तक मृतांचा हिशेब ठेवतें, हें सांगणारा कोणी तरी भेटला पाहिजे, आणि तें काम परीक्षकाचें आहे.

महाभारताचीं पर्वें अठरा. त्यांत अकरावें स्त्रीपर्व आहे. लढाई आटोपल्यावर गांधारी आणि इतर स्त्रिया रणांगणावर येतात, आणि पडलेल्यांना एकेक करून ओळखतात. त्यानंतरहि सात पर्वें शिल्लक राहतात, आणि साऱ्या ग्रंथांतील सर्वांत मोठें पर्व युद्धाचें नसून त्यापुढील शांतिपर्व आहे. ज्या कवीनें हें विश्व पुढच्या सर्व कवींना वापरावयास ठेवलें, त्यानें गाळ उपसण्याचें काम दुसऱ्यावर टाकलें नाहीं. आजच्या कल्पित विश्वांत सत्तरावा किंवा शंभरावा खंड निघाल्याची जाहिरात येईल, तेव्हां परीक्षकानें तो उघडून एवढेंच शोधावें कीं, यांत स्त्रीपर्व कोठें आहे. आणि सांपडलें तर त्या पानाचा आंकडा वाचकाला सांगावा.